शालजोडी आणि खुर्ची : सर अर्स्किन पेरी प्रदर्शनाच्या नोंदी

५ जानेवारी

आमच्या गावच्या वाचनालयात दरवर्षी ११ ते १४ एप्रिल, म्हणजे फुले जयंती ते आंबेडकर जयंती, हॉलमध्ये प्रदर्शन असतं. ग्रंथपाल काकांचा फोन आला, म्हणाले तू वकील झालीस, यंदा तू कर, पण तेच तेच फोटो नकोत, लोक दारातून बघून परत जातात. मी हो म्हणून टाकलं. विषय डोक्यात तयारच होता.

लॉच्या दुसऱ्या वर्षाला असताना दोन गोष्टी वाचलेल्या, तेव्हापासून सोडत नाहीयेत. पहिली म्हणजे महात्मा फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनला दिलेलं निवेदन. त्यात ते सांगतात की शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी आणि सरकारचे सेक्रेटरी लम्सडेन मुलींच्या शाळा बघायला आले, काम पाहून खूश झाले आणि त्यांनी मला शालजोडी दिली. दुसरी गोष्ट बाबासाहेबांची. १९३५ च्या जूनमध्ये ते मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले आणि सोबत त्यांना जे पद मिळालं त्याचं नाव पेरी प्रोफेसर ऑफ ज्युरिसप्रुडन्स, म्हणजे कायदेशास्त्राच्या प्राध्यापकाची खुर्ची. दोन्हीकडचा पेरी एकच माणूस आहे, १८४७ ते १८५२ मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचा मुख्य न्यायाधीश.

एक शाल आणि एक खुर्ची, मध्ये ८० पेक्षा जास्त वर्षं. प्रदर्शन यावरच करायचं ठरलं. दहा पॅनेल, दोन बाय तीन फूट, सनबोर्डवर.

११ जानेवारी

आज पॅनेल १ चा मजकूर. जन्म २० जुलै १८०६, लंडनजवळ वॉन्ड्सवर्थला. वडील जेम्स पेरी, मॉर्निंग क्रॉनिकल या पेपरचे मालक आणि संपादक. या वडिलांवर खरं तर वेगळं पॅनेल व्हायला हवं, पण जागा नाही. १७९३ मध्ये त्यांच्यावर राजद्रोही मजकूर छापल्याचा खटला झाला, वकील होते थॉमस अर्स्किन, निर्दोष सुटले. १७९८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सचा अपमान केला म्हणून तीन महिने न्यूगेटच्या तुरुंगात काढले. आणि मुलाचं नाव काय, तर थॉमस अर्स्किन पेरी.

पोरगा केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकला, नंतर जर्मनीत म्युनिकला गेला, परत येऊन राजकारणात पडला. तो काळ इंग्लंडमध्ये मतदानाचा हक्क वाढवण्याच्या चळवळीचा, रिफॉर्म बिलाचा, आणि पेरी त्यात सेक्रेटरी म्हणून राबत होता. १८३२ ला चॅटममधून निवडणूक लढवली, पडला. १८३४ मध्ये बॅरिस्टर झाला. मग इंग्लंडच्या कोर्टांतले निकाल जमवून छापायचं रिपोर्टरचं काम. आम्ही आज जे लॉ रिपोर्ट चाळतो तशाच जातीचं ते काम आहे, दुसऱ्यांचे निकाल वाचून वाचून हात तयार होतो.

१८४० मध्ये बँक बुडाली आणि त्याचा बहुतेक पैसा त्यात गेला. मग सरकारकडे नोकरी मागितली, मिळाली ती मुंबईची. ११ फेब्रुवारी १८४१ ला सर झाला, १० एप्रिलला मुंबईत शपथ. गरज पडली म्हणून आलेला माणूस, हे पॅनेलवर स्पष्ट लिहिलंय, कारण गोरा साहेब म्हटला की तो राज्य करायलाच जन्माला आला असं आपण धरून चालतो.

१२ जानेवारी

काल एक ओळ राहिली. बायको लुईझा बरोबर आली होती. १२ ऑक्टोबर १८४१ ला भायखळ्याला वारली. शपथ घेऊन सहा महिने झाले होते फक्त. त्यानंतर पेरी अकरा वर्षं मुंबईत राहिला आणि दुसरं लग्न थेट १८५५ मध्ये, इंग्लंडला परत गेल्यावर. एवढंच लिहिणार, तारखाच पुरेशा आहेत.

१९ जानेवारी

शब्दावर अडले होते. सरन्यायाधीश लिहू की मुख्य न्यायाधीश? कोर्टाचं नाव सुप्रीम कोर्ट, म्हणून पहिल्या कच्च्या मजकुरात सरन्यायाधीश लिहिलं आणि बाबांनी वाचून विचारलं, "म्हणजे अख्ख्या हिंदुस्थानचा?" तिथेच कळलं की वाचणारा फसणार. मुंबईचं सुप्रीम कोर्ट १८२४ ला सुरू झालं, ते राजाचं कोर्ट. त्याची सत्ता मुख्यतः मुंबई बेटावर आणि बाहेर राहणाऱ्या ब्रिटिश प्रजेवर. पुणे, सातारा, रत्नागिरीच्या माणसाचा दावा ईस्ट इंडिया कंपनीच्या अदालतीत जायचा, वर सदर अदालत. दोन वेगळ्या व्यवस्था शेजारी शेजारी चालत होत्या, आणि १८६२ मध्ये दोन्ही मिळून हायकोर्ट झालं. तर मुख्य न्यायाधीश हाच शब्द ठेवला, आणि खाली दोन ओळींत हे समजावलं.

अजून एक दुरुस्ती. १८४१ ला तो साधा न्यायाधीश म्हणून आला होता. मे १८४७ मध्ये मुख्य न्यायाधीश सर डेव्हिड पोलॉक मुंबईतच वारले आणि मग पेरी त्या जागी बसला. टाइमलाइनच्या पट्टीवर मी १८४१ खालीच मोठा ठिपका दिला होता, तो सहा वर्षं पुढे सरकवला.

२६ जानेवारी

सुट्टी होती म्हणून दिवसभर खोजा-मेमन खटल्यावर बसले. पेरीच्या कोर्टातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण हेच, हिरबाई विरुद्ध सोनाबाई, १८४७. गोष्ट साधी आहे. खोजा आणि कच्छी मेमन घरातल्या मुलींनी बापाच्या मालमत्तेत वाटा मागितला. म्हणणं असं की आम्ही मुसलमान, कुराणात मुलीला वाटा दिलेला आहे, तो द्या. समोरच्यांचं म्हणणं, आमच्या जमातीत पिढ्यानपिढ्या हिंदूंसारखीच वाटणी होते, मुलीला फक्त सांभाळायचं आणि लग्न करून द्यायचं. पेरीने जमातीतले साक्षीदार ऐकले, रिवाज खरोखर आहे आणि जुना आहे हे सिद्ध झालं असं धरलं, आणि निकाल दिला की रिवाज चालेल. मुली हरल्या.

कायद्याच्या विद्यार्थ्याला हा निकाल रूढीला कायद्याचं बळ कसं मिळतं ते शिकायला देतात. मी पण तसाच शिकले, मार्क पण मिळाले. पण आज परत वाचताना त्या हिरबाईचं नाव बघून थांबले. १८४७ मध्ये एक बाई मुंबईच्या गोऱ्या कोर्टात, इंग्रजीत चाललेल्या कामकाजात, माझ्या बापाचा वाटा द्या म्हणून उभी राहते, ही केवढी मोठी गोष्ट आहे. खोजांना वारसाहक्कात शरियत लागू व्हायला १९३७ चा कायदा यावा लागला, कच्छी मेमनांसाठी १९३८ चा. म्हणजे ९० वर्षं त्या निकालाची सावली राहिली.

आणि याच माणसाने दहा वर्षांनी लंडनमध्ये काय केलं? तिकडे कायदा असा होता की लग्न झालं की बाईची कमाई, पैसाअडका सगळं नवऱ्याचं. बार्बरा ली स्मिथ आणि तिच्या मैत्रिणींनी १८५६ मध्ये सह्या गोळा केल्या, सगळ्या मिळून २६ हजारांच्या आसपास, आणि ते अर्ज पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात मांडले खासदार अर्स्किन पेरीने. मे १८५७ मध्ये त्याने विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचं बिल पण आणलं. ते पास झालं नाही, त्याच वर्षी घटस्फोटाचा कायदा आला आणि हे मागे पडलं. पूर्ण कायदा झाला तो १८८२ च्या ऑगस्टमध्ये, तेव्हा पेरी जाऊन चार महिने झाले होते.

पॅनेल ३ वर दोन्ही शेजारी शेजारी लावतेय, डावीकडे हिरबाई, उजवीकडे २६ हजार सह्या. माझं मत विचारलं तर मुंबईत त्याने जमातीतल्या पुरुषांची साक्ष म्हणजेच जमातीचं म्हणणं असं धरलं, आणि तिथेच चुकलं. हे मत पॅनेलवर छापणार नाही, पण कोणी विचारलं तर सांगणार.

२ फेब्रुवारी

हायकोर्टात काम होतं, साडेतीनला मोकळी झाले, तशीच चालत शहीद भगतसिंग रोडला गेले, लायन गेटच्या समोर. ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग. पेरी बसायचा ते कोर्ट इथे भरायचं, आणि पुढे हायकोर्ट झाल्यावर ते पण आत्ताची इमारत तयार होईपर्यंत इथेच भरलं. समोर नेव्हीचा गेट, मध्ये बसेस, टॅक्सी, हॉर्न. फुटपाथवर दहा मिनिटं उभी राहून चार फोटो काढले, त्यातला एकच सरळ आला, बाकीच्यांत बस मध्ये आली.

तिथे उभी असताना एक गोष्ट लक्षात आली, हिरबाईला इथवर यायचं म्हणजे किल्ल्याच्या भिंतीच्या आत यायचं होतं. तेव्हा फोर्टला खरीच तटबंदी होती, दरवाजे होते. नेटिव्ह टाउनमधून, म्हणजे देशी लोकांच्या वस्तीतून निघून दरवाजातून आत, साहेबांच्या वस्तीत. फोटोखालच्या ओळीत हे घालणार.

१६ फेब्रुवारी

आजपासून भाषेचा वाद. हे पॅनेल सगळ्यात जास्त वाचलं जाईल असं वाटतंय.

मुंबई इलाख्याचं शिक्षण बघायला १८४० मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशन झालं. त्यात तीन देशी सभासद होते, जगन्नाथ शंकरशेट म्हणजे आपले नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. १८४३ पासून अध्यक्ष पेरी. म्हणजे दिवसा कोर्ट आणि उरलेल्या वेळात शाळा. त्यात भर म्हणून जर्मन कायदेपंडित साविन्यीचा ताबा या विषयावरचा ग्रंथ इंग्रजीत आणून १८४८ मध्ये छापला. मुंबईच्या उकाड्यात, पंख्याच्या दोऱ्या ओढणाऱ्या माणसाच्या जिवावर का होईना, पण एवढं काम करणं सोपं नाही.

पेरीचं म्हणणं, पैसे थोडे आहेत, देशी भाषांत पुस्तकं नाहीत, भाषांतर करत बसलो तर जन्म जाईल, तेव्हा वरचं शिक्षण इंग्रजीत आणि सगळा जोर तिकडे. याच्या विरोधात बोर्डातलाच एक गोरा उभा राहिला, कर्नल जॉर्ज जर्व्हिस, ज्याने गणिताची पुस्तकं मराठीत आणायचं काम पूर्वीच केलेलं होतं. १८४७ मध्ये दोघांनी एकमेकांविरुद्ध लांबलचक टिपणं लिहिली. आणि तिघे देशी सभासद जर्व्हिसच्या बाजूने गेले.

नानांनी १ मे १८४७ च्या टिपणात मांडलं की पश्चिम हिंदुस्थानातल्या लोकांपर्यंत उपयोगाचं ज्ञान पोचवायचं तर इंग्रजीपेक्षा देशी भाषा जास्त कामाच्या आहेत. हे म्हणणारा माणूस स्वतः इंग्रजीत लिहितोय, गव्हर्नरांशी उठबस आहे, एल्फिन्स्टनच्या संस्थेला हातभार लावणारा आहे. त्याला इंग्रजीचा राग नव्हता. त्याचा हिशेब पोचण्याचा होता, किती लोकांपर्यंत पोचणार.

बाळशास्त्री जांभेकर आदल्याच वर्षी मे महिन्यात गेले होते. ते असते तर या वादात मराठीच्या बाजूने केवढा भक्कम माणूस मिळाला असता असं सारखं मनात येतंय.

२० फेब्रुवारी

सकाळपासून कोर्टात. काही झालं नाही.

२७ फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन, आणि आजच पॅनेल ५ पूर्ण झालं, मुद्दाम नाही, जमून आलं. बाबांना वाचायला दिलं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं मास्तर होते, त्यांनी सावकाश वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे हे भांडण माझ्या रिटायरमेंटपर्यंत चालूच होतं की गं." मग पालक शाळेतून मुलं काढून इंग्लिश मीडियमला कशी न्यायचे, आणि ते घरोघर जाऊन कसे समजवायचे, ते सांगत बसले, चहा दोनदा झाला.

वादाचा शेवट तडजोडीत झाला. खालच्या शाळा मराठी-गुजरातीतच राहिल्या, वर इंग्रजी. १८५४ चा वुडचा खलिता, म्हणजे शिक्षणधोरणाचा सरकारी कागद, आला त्यातही साधारण हीच विभागणी. पेरी पूर्ण जिंकला नाही आणि नाना पूर्ण हरले नाहीत. आपण अजून त्याच आखणीत शिकतोय, दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मी कायदा इंग्रजीत शिकले आणि पहिलं वर्षभर प्रत्येक पानावर पेन्सिलने मराठी अर्थ लिहीत होते.

८ मार्च

सगळं प्रदर्शन ज्या एका कागदावर उभं आहे तो आज परत पूर्ण वाचला. बोर्डाचा १८५०-५१ चा अहवाल, पेरी अध्यक्ष असतानाचा. आणि मी तो कुठून वाचला, तर बाबासाहेबांच्या निवेदनातून. २९ मे १९२८ ला त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाबद्दल जे निवेदन दिलं, त्यात या अहवालातले परिच्छेदच्या परिच्छेद उतरवून दिलेत. आम्ही ड्राफ्टिंग करतो तसंच, समोरच्याचं डॉक्युमेंट त्याच्याच शब्दांत रेकॉर्डवर आणायचं.

अहवालात काय आहे ते थोडक्यात. बोर्ड म्हणतं सगळ्यांना शिकवायला पैसा नाही. मग आधी समाजातल्या वजनदार वर्गांना शिकवू, त्यांच्यातून खाली झिरपेल. हे वजनदार वर्ग कोण, तर चार. जहागीरदार आणि जमीनदार, व्यापारातून पैसा मिळवलेले, सरकारातले वरचे नोकर, आणि चौथे ब्राह्मण, त्यांच्याबरोबर लेखणीवर जगणारे प्रभू, शेणवी वगैरे. पहिल्या तिघांना शिक्षणाची फारशी ओढ नाही, चौथा वर्ग गरीब असला तरी खरा महत्त्वाचा तोच, असा तो निष्कर्ष. पुढे खालच्या जातींना शिकवायचं का हा प्रश्न स्वतंत्र घेतलाय, आणि तिथे मुंबईचा माजी गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या जुन्या टिपणाचा आधार. त्यात तो म्हणतो की मिशनऱ्यांना खालच्या जातीतली मुलं सगळ्यात चांगली विद्यार्थी वाटतात, पण आपलं शिक्षण आधी त्यांच्यात रुजलं तर ते पुढे पसरणारच नाही, तेव्हा सांभाळून.

तिथे मी थांबले. चांगली विद्यार्थी आहेत हे कबूल आहे, लिहून ठेवलंय, आणि तरी नको. बुद्धी नाही म्हणून दार लावलं असं कोणी म्हणत नाहीये, वरचे लोक नाक मुरडतील म्हणून लावलं. हा कागद सरकारी आहे, छापलेला आहे, आणि त्या काळात बोर्डाच्या अध्यक्षाच्या खुर्चीत पेरी बसलाय. तोच पेरी पुण्याला जाऊन फुल्यांच्या मुलींच्या शाळा बघतो, मनापासून खूश होतो, शालजोडी देतो. मी कितीही वाचलं तरी मला त्या भेटीत ढोंग दिसत नाही. त्याला ते काम आवडलंच होतं. पण आवडलेल्या कामाला शाल, आणि धोरणाचा पैसा दुसरीकडे.

आज महिला दिनाचा कार्यक्रम होता बार रूममध्ये, मी गेले नाही, हेच करत बसले. सावित्रीबाईंच्या शाळांवरचं पॅनेल ६ लिहून झालं, भिडे वाड्यापासून सुरू, १८४८.

१५ मार्च

दादाभाई नौरोजींचं छोटं पॅनेल. १८४५ मध्ये दादाभाई विशीतला हुशार विद्यार्थी, आणि पेरीच्या डोक्यात आलं की याला इंग्लंडला पाठवून बॅरिस्टर करू, निम्मा खर्च मी देतो, निम्मा पारशी समाजाने द्यावा. सर जमशेटजी जीजीभॉय वगैरे मंडळींना भीती वाटली की पोरगा तिकडे ख्रिस्ती होईल. भीती उगीच नव्हती, १८३९ मध्ये दोन पारशी मुलं ख्रिस्ती झाली होती आणि ते प्रकरण कोर्टापर्यंत गेलं होतं. बेत बारगळला. दादाभाई शेवटी १८५५ ला व्यापारासाठी गेले. स्वतःच्या खिशातला निम्मा खर्च, ही गोष्ट पेरीच्या खात्यावर जमा करायलाच हवी.

२२ मार्च

आज क्रम ठरला. पेरीच्या परतीचं पॅनेल ८, १८५२ ची शरद ऋतूतली निवृत्ती. मुंबईच्या देशी लोकांनी त्याच्यासाठी ५,००० पौंड जमवले, तेव्हाच्या दराने ५० हजार रुपयांच्या घरात. त्याचे निकाल कोणाकडे झुकलेले नसायचे म्हणून लोकांचा त्याच्यावर जीव होता. हे पैसे त्याने स्वतःसाठी घेतले नाहीत, कायद्याचं अध्यासन काढा म्हणाला. त्यातून पेरी प्रोफेसरशिप, १८५५ मध्ये वर्ग सुरू, पहिले पेरी प्रोफेसर डॉ. रीड, आणि तेच पुढे गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज.

परत गेल्यावर त्याने टाइम्समध्ये हाजी या टोपणनावाने पत्रं लिहून ईस्ट इंडिया कंपनी बंद करा म्हणून मागणी लावून धरली, संपादकाचा मुलगा शेवटी. डेव्हनपोर्टचा खासदार झाला, कंपनी गेल्यावर १८५९ पासून इंडिया कौन्सिलवर, थेट १८८२ पर्यंत. २२ एप्रिल १८८२ ला लंडनमध्ये वारला.

आणि फुल्यांचं हंटर कमिशनला दिलेलं निवेदन १९ ऑक्टोबर १८८२ चं. सहा महिन्यांनंतरचं. त्यात शालजोडीचा उल्लेख आहे, कृतज्ञतेने आहे, आणि त्याच निवेदनात पुढे सरळ प्रश्न आहे की वरच्या वर्गाला शिकवलं की खालच्यांचं भलं होतं हे कशाच्या आधारावर म्हणता, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च कोणावर होतो. मागणी पण नेमकी, निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा.

पॅनेल ९ फुले, पॅनेल १० बाबासाहेब. बाबासाहेबांनी १९२८ ला पेरीच्या बोर्डाचा अहवाल पुरावा म्हणून मांडला, आणि सात वर्षांनी मुंबईकरांच्या वर्गणीतून पेरीच्या नावाने झालेल्या खुर्चीवर बसून कायदा शिकवला. बोर्डाने ज्यांचा विचार सांभाळून करा म्हटलं होतं त्यांच्यातला माणूस. हे लिहिताना हात थरथरत होता, खरंच.

२९ मार्च

छपाईत घोळ. युनिकोडमधला मजकूर प्रेसवाल्याने त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये घेतला आणि जोडाक्षरं फुटली. अर्स्किनमधला रफार उडून र सुटा झाला, ज्युरिसप्रुडन्सचं तर वाचताच येईना, आणि पॅनेल ४ वर १८४७ चं १८७४ झालं. सातव्या पॅनेलपर्यंत प्रिंट निघून सनबोर्डला चिकटवून पण झालेलं. मी म्हटलं दादा, प्रूफ दाखवल्याशिवाय का काढलं, तर म्हणाला मॅडम, लग्नसराई चालू आहे. पैशाची बोलाचाली झाली, शेवटी निम्मे त्याने सोसले निम्मे मी. आता सगळं पीडीएफ करून, फॉन्ट आत बसवून दिलंय, आणि सात पॅनेलं परत.

४ एप्रिल

शालजोडी हवी होती मांडायला. हार-सत्कारातली पातळ चकचकीत शाल नको होती. आत्याकडे गेले. तिने कपाटातून जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं बोचकं काढलं, डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला. आत दोन शाली, तपकिरी, काठाला बारीक वेल, एका कोपऱ्यात कसरीने खाल्लेलं आणि ते आजीने दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने रफू केलेलं. आजोबांच्या लग्नातल्या.

"आत्या, चार दिवस देशील का? काचेत ठेवते, कोणाला हात लावू देणार नाही."

"ने गं. पण कोणाची म्हणून ठेवणार आहेस?"

मी सगळं सांगितलं, फुले, पेरी, मुलींची शाळा. ती म्हणाली, "माझी म्हणून चिठ्ठी लाव. फुल्यांची म्हणून लावू नको, खोटं पडेल." बरोबर आहे. चिठ्ठीवर लिहिलं, एका घरातली जुनी शालजोडी, फक्त नमुन्यासाठी. रफू केलेला कोपरा वर ठेवलाय.

१० एप्रिल

मांडणी पूर्ण. वाचनालयाच्या माळ्यावर एक जुनी वेताची खुर्ची होती, हातांवर पॉलिश गेलेलं, ती ग्रंथपाल काकांनी स्वतः पुसून खाली आणली. पॅनेल १० च्या खाली ठेवली, रिकामी. शाली पॅनेल ९ च्या खाली, काचेच्या पेटीत. पॅनेल ७ तिरकं लागलंय असं काका तीन वेळा म्हणाले, तीन वेळा काढून लावलं, डबल टेप संपली.

१२ एप्रिल

काल उद्घाटनाला गर्दी बरी होती, आज दुपारी शांत. हायस्कूलच्या मुली आल्या होत्या, हिरबाईच्या पॅनेलपुढे जास्त वेळ थांबल्या. एकीने वहीत नाव उतरवून घेतलं.

चारच्या सुमारास एक आजोबा आले, धोतर, टोपी, हातात काठी. पहिल्या पॅनेलपासून एकेक ओळ वाचत गेले. पॅनेल ८ पर्यंत तासभर लागला. गुडघे दुखत असणार, इकडे तिकडे बघितलं आणि बाबासाहेबांच्या पॅनेलखालच्या त्या रिकाम्या खुर्चीवर बसले. काका उठवायला निघाले होते, मी त्यांना हाताने थांबवलं. आजोबांनी मान वर करून बसल्या बसल्या पॅनेल १० पूर्ण वाचलं, मग मान वळवून पॅनेल ९. उठताना मला म्हणाले, "पोरी, अक्षर जरा मोठं पाहिजे होतं. वरच्या ओळी दिसत नाहीत." किती पॉइंट आहे बघितलं, २४. पुढच्या वेळी ३२ करायचं.

संध्याकाळी वाचनकक्षातून आणखी तीन खुर्च्या आणून भिंतीपाशी लावल्या.

१५ एप्रिल

पॅनेलं उतरवली. शेजारच्या गावच्या शाळेने जूनमध्ये मागितलीत, तोवर ती वाचनालयाच्या कपाटामागे उभी राहतील, मध्ये वर्तमानपत्रं घालून. पॅनेल ४ चा कोपरा उचकटलाय, चिकटवायचा आहे. शाली उन्हात न ठेवता सावलीत तासभर पसरल्या, नवीन गोळ्या घालून आत्याला दिल्या. तिने उलगडून रफूचा कोपरा आधी बघितला.